फाटकाजवळची माती

"तुमची माती उत्तम आहे," साहेब तिसऱ्यांदा म्हणाले, आणि दाराशी उभ्या ड्रायव्हरला मनातल्या मनात हसू आलं. साहेबांनी माती हातात घेतली असेल तर लहानपणी, खाण्यासाठी.

समोरच्या बाईकडे मेंढ्यांचा कळप होता आणि डोंगराच्या उतारावर कुरण. उतारावर दगडी बांध घालून मिळावेत म्हणून ती तीन वर्षं या मृदसंधारण कार्यालयाचे उंबरे झिजवत होती. मदत मिळायची ती निकस जमिनीला, आणि तिच्या मातीच्या तपासणी अहवालात तर जमीन अव्वल दर्जाची निघाली होती. तो कागद तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता.

"वरचं गवत गेलं, साहेब. अर्धा कळप विकला. यंदा बांध झाले नाहीत तर उरलेलाही विकावा लागेल."

साहेब म्हणाले की प्रयोगशाळा खोटं बोलत नाही. मग उपकार केल्यासारखं म्हणाले, घेऊ पुन्हा नमुना, आजच घेऊ.

ड्रायव्हरने किल्ली उचलली. सव्वीस वर्षांत त्याने अकरा साहेबांना हिंडवलं होतं आणि त्यातल्या एकाचीही त्याला किंमत नव्हती. कुणाला काट्यांची भीती, कुणाला उन्हाची. हे सध्याचे तर जीपमधून उतरायचेच नाहीत; काच अर्धी खाली करून जमीन कशी राखावी याचं माहितीपत्रक बाहेर सरकवायचे. शेतकऱ्यांचीही त्याला कीव येत नसे. पत्रक दोन्ही हातांनी घेतात, घडी घालून खिशात ठेवतात, की झाली यांची शेती. सगळे एकजात मूर्ख आणि आपण तेवढे शहाणे, अशी त्याची साधी समजूत होती.

हे शहाणपण कशात होतं, तर नमुने घेण्यात. ते काम साहेब लोकांनी केव्हाच त्याच्या गळ्यात मारलं होतं. नियम असा की जमिनीवर नागमोडी चालत दहा ठिकाणी खड्डे घ्यायचे, सगळी माती बादलीत कालवायची आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरायची. ड्रायव्हर एकच खड्डा घ्यायचा, जिथे जीप उभी राहील तिथे. बघतंय कोण? साहेबांना पिशवी हवी असते, माती नव्हे, असं तो दुसऱ्या ड्रायव्हरांना ऐटीत सांगायचा.

जीप कुरणाच्या फाटकाशी थांबली. मागच्या सीटवरून बाई उतरली. साहेबांनी आपली सीट मागे पाडून डोळे मिटले. ड्रायव्हर बादली आणि फावडं घेऊन उतरला आणि सवयीने फाटकाशेजारीच वाकला.

माती काळी, भुसभुशीत. का नसेल? रोज दोन्ही वेळा अख्खा कळप इथेच खोळंबतो, इथेच लेंड्या टाकतो. उतारावरून वाहून येतं तेही इथेच अडतं. फावडं त्याच्या हातात तसंच राहिलं. कागदावरची अव्वल जमीन ती हीच, या फाटकापुरती.

बाई जवळ येऊन उभी राहिली.

"मागच्या वेळीही तुम्ही इथेच खणलं होतं, भाऊ."

त्याने मान वर केली नाही.

"मला वाटलं, जाणकार माणूस आहे, एका खड्ड्यात ओळखत असेल. म्हणून मी काही बोलले नाही."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. टोमण्यांना त्याच्याकडे उत्तरं तयार असत. आयुष्यभर दुसऱ्यांना नावं ठेवत आलेल्या त्या माणसाला आज पहिल्यांदा स्वतःची किळस आली.

तो चढू लागला, नागमोडी. पाचव्या खड्ड्याला धाप लागली. सातव्याला खालून हॉर्न वाजला, मग वाजतच राहिला.

"साहेब बोलावताहेत," बाई म्हणाली.

"बोलावू देत."

दहावा खड्डा माथ्याच्या जरा खाली. फावडं चार बोटं आत गेलं आणि खडकावर खणखणलं. त्याने थोडं सरकून मारलं, तिथेही खडक.

"तुम्ही आलात त्या वर्षी इथे वीतभर माती होती," बाई म्हणाली.

तो गुडघे टेकून बसला आणि खडकाच्या भेगेतली माती नखांनी खरवडून काढू लागला. तीही शेजारी बसली, बादली मध्ये ठेवली आणि आपल्या बाजूने खरवडू लागली. दोघांची मिळून मूठभरही निघाली नाही.