सुभद्राबाईंच्या गुलाबाचे तीन डोळे

पिंपरीला कंपनीची वसाहत नवी होती तेव्हाची ही गोष्ट. सत्तावन्न सालचा डिसेंबर. मुलाला तिथे नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, आणि पुण्याच्या एका छापखान्यातून निवृत्त झालेला मी त्याच्याबरोबर राहायला गेलो. छापखान्यात मी मुद्रितं तपासत असे. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली होती. स्वतःच्या हातांनी काही करून दाखवावं, असा प्रसंग फारसा आला नव्हता.

वसाहतीतली माणसं नगर, सातारा, रत्नागिरी अशी सगळीकडून आलेली. एकमेकांशी काय बोलावं हे कुणालाच कळत नसे. निदान मला तरी कळत नसे. ती अडचण गुलाबांनी सोडवली. प्रत्येक क्वार्टरपुढे हातभर जागा होती, आणि जागा नसेल तिथे तेलाचे रिकामे डबे होते. थंडी पडली की रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीखाली सात-आठ जण जमत. प्रत्येकाजवळ ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या गुलाबाच्या काड्या असत. या काडीवरचा डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला तो बारीक कोंब, सालीसकट काढायचा आणि जंगली गुलाबाच्या खुंटावर साल चिरून आत बसवायचा. तो धरला की खुंटावर आपल्याला हवा तो गुलाब येतो.

टाकीखाली एकच नियम होता, काडीला काडी. फुकट कुणी घ्यायचं नाही, विकत कुणी द्यायचं नाही. ज्याच्याजवळ द्यायला काडी नाही त्याने नुसतं बघत उभं राहायचं. हा नियम कुणी केला ते कुणाला माहीत नव्हतं, पण तो सगळे कसोशीने पाळत.

मी तीन रविवार नुसता बघत उभा राहिलो. चौथ्या रविवारी, टाकीखाली पोचायच्या आधी वाटेतच, कंपनीच्या बागेतले माळी धर्माजी यांनी मला एका लाल गुलाबाची काडी दिली. धर्माजी महाळुंग्याचे. रोज सायकलवरून यायचे आणि तोंडाने फटकळ होते.

"घ्या नाना. रिकाम्या हातानं उभं ऱ्हाऊन पाय दुखत्याल."

ती काडी मी पुढे केली तेव्हा दोघे-तिघे हसले. एक जण म्हणाला, "नाना, हा तर कंपनीच्या कुंपणावर आहे. येता-जाता अंगरखा धरतो."

मी काडी मागे घेणार तेवढ्यात बॉयलरवर काम करणाऱ्या शेलारांच्या सुभद्राबाई पुढे आल्या. "कुंपणावरचा असला म्हणून काय झालं? लाल माझ्याकडं नाहीच," असं म्हणून त्यांनी ती घेतली, आणि आपल्या गोणपाटातली एक काडी माझ्या हातात ठेवली.

मी ती दोन्ही हातांनी धरली. त्यांचा तो गुलाब सगळ्या वसाहतीला ठाऊक होता. फिकट गुलाबी, पाकळ्यांच्या आत किंचित हिरवट, आणि वास असा की त्यांच्या दारावरून जाताना लोक चाल मंद करीत. तो त्यांच्या वडिलांनी वाईच्या घरी जोपासलेला होता. वडील गेले, भावांनी घर विकलं, नव्या मालकाने परडं साफ केलं. त्याआधी बाईंनी एक कलम ट्रंकेत कपड्यांमध्ये ठेवून पिंपरीला आणलं, ते हे. त्याची काडी त्या सहसा कुणाला देत नसत.

"जपून करा," एवढंच त्या म्हणाल्या.

माझ्याजवळ तीन डब्यांत धर्माजींनी लावून दिलेले तीन खुंट होते आणि वाचनालयातून आणलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. मी ओट्यावर पुस्तक उघडं ठेवलं, त्यावर दोन दगड ठेवले आणि एकेक वाक्य वाचून तसतसं करीत गेलो. पुस्तकात लिहिलं होतं, काडीवरची पानं काढा. मी पानं देठांसकट ओरबाडून काढली. मग तीन डोळे सालीसकट कापले आणि सुकू नयेत म्हणून बशीतल्या पाण्यात टाकले. खुंटांच्या साली चिरल्या, डोळे बसवले, केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीच्या पट्टीने, घट्ट बांधले. तासभर लागला. पाठ मोडून आली, पण मला फार बरं वाटलं. मग मी पान उलटलं.

पुढच्या पानावर लिहिलं होतं की, पान काढताना देठ मात्र ठेवावा. कारण डोळा धरला की नाही हे देठावरूनच कळतं. तीन आठवड्यांनी बोट लावताच देठ गळून पडला तर डोळा जिवंत, आणि वाळून चिकटून राहिला तर मेला. देठाचा दुसरा उपयोग म्हणजे डोळ्याची वरची बाजू कोणती ते समजतं. डोळा उलटा बसवू नये.

बशीत ते तीन तुकडे कसे गोल फिरत होते ते मला आठवलं. कोणता सुलटा बसला आणि कोणता उलटा, हे देवालाच ठाऊक. सोपट सोडून पाहावं तर डोळे तिथेच सुकणार. छापखान्यात मी कधी पुढचं पान न वाचता मजकूर सोडला नव्हता.

आठवडाभर मी कुणाला काही बोललो नाही. तोपर्यंत ती माझी एकट्याची फजिती होती. मग वसाहतीला चुना मारायला माणसं आली. त्यांतल्या एकाने चुन्याच्या बादल्या धुतल्या आणि पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून सुभद्राबाईंच्या दारातल्या गुलाबांच्या चारही डब्यांत ओतलं. बाई तेव्हा भोसरीला नणंदेकडे गेल्या होत्या. दोन दिवसांनी परतल्या तेव्हा पानं करपली होती. पुढच्या तीन दिवसांत फांद्या काळ्या पडल्या. त्यांनी माती बदलली, मुळं धुतली, काही उपयोग झाला नाही.

हे मला सून इंद्रायणीने सांगितलं. ती भाजी निवडत होती. "शेलारबाईंचा गुलाब गेला हो, मामंजी. एक काडीसुद्धा हिरवी राहिली नाही. तुमच्याकडे लावलाय तेवढाच आता."

मी ओट्यावरच्या तीन डब्यांकडे पाहिलं. वाईचा तो गुलाब आता जगात असलाच तर माझ्या त्या सोपटाखाली होता, आणि बहुधा डोकं खाली करून होता.

शहाण्या माणसाने उठून बाईंकडे जायला हवं होतं. मी गेलो नाही. पहिल्या रविवारी मला सर्दी झाली आहे असं मी ठरवलं. दुसऱ्या रविवारी टाकीकडे निघालो, तर समोरून सुभद्राबाई येत होत्या. मला पाहताच त्या वाट बदलून मधल्या बोळात शिरल्या. त्या दिवसापासून माझी खात्रीच झाली की त्यांना सगळं समजलं आहे. देठ ओरबाडलेली ती उघडी काडी मीच ओट्याखाली टाकली होती. धर्माजींनी ती पाहिली असणार आणि सांगितलं असणार. बाईंचा राग रास्तच होता.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी मधल्या डब्यात एक लालसर कोंब दिसला. मी सुनेला हाक मारून दाखवला. अर्धा दिवस मी अगदी हलका होऊन फिरलो. संध्याकाळी पाणी घालताना नीट पाहिलं, तर कोंब बांधलेल्या जागेच्या खाली चार बोटं फुटला होता. म्हणजे तो खुंटाचाच, जंगली. मी तो मोडला आणि घरात जाऊन बसलो.

दुसरा दिवस रविवार. सकाळी मी दारातच डब्यांपाशी बसलो होतो, आणि सुभद्राबाई येताना दिसल्या. पळायला जागा नव्हती. त्या ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि पदराखालून एक छोटा चाकू काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. शिंगाची मूठ, पातं झिजून बोटाएवढं उरलेलं.

"हा वडिलांचा कलमाचा चाकू आहे, नाना. तो तुम्ही घ्या."

मला काहीच उमजेना. "मी कशाला?"

"काडीला काडी द्यायला माझ्याकडं आता काही नाही. तुमचा लालसुद्धा चुन्यात गेला. पंधरा दिवस झाले, मागायचं धाडस होईना. रिकाम्या हातानं मागितलं तर टाकीवरचे काय म्हणतील? गेल्या रविवारी तुम्ही समोरून आलात, तर मी बोळात शिरले. माझी मलाच लाज वाटली." त्यांनी चाकू ओट्यावर ठेवला. "तुमचे डोळे धरले असतील तर त्यातली एक काडी मला द्या. पुढच्या सालीच द्या, घाई नाही."

म्हणजे त्या बोळात शिरल्या त्या माझ्या रागाने नव्हे. मला एकदम सुटल्यासारखं झालं, पण लगेच लक्षात आलं की आता माझी पाळी आहे.

"सुभद्राबाई, चाकू उचला," मी म्हणालो. "माझ्याकडे द्यायला काही आहे की नाही हेच मला माहीत नाही." आणि मी सगळं सांगितलं. पुस्तक, दगड, बशी, देठ, पुढचं पान, कालचा जंगली कोंब. सर्दी खोटी होती हेही सांगितलं, ते सांगायची गरज नव्हती तरी. सांगताना मी त्यांच्याकडे न पाहता डब्यांकडे पाहत होतो.

त्या वाकून डब्यांकडे पाहू लागल्या. मग म्हणाल्या, "बशीत टाकले?"

"हो."

"चहाच्या?"

"धुतलेली होती."

त्यांनी पदर तोंडाला लावला. रडतात असं वाटून मी घाबरलो, पण त्या हसत होत्या. हसता हसता डोळे मात्र भरले होते, हे खरं.

"धर्माजींना बोलावू या," त्या म्हणाल्या. "सोपट सोडायचं आज माझ्यानं व्हायचं नाही."

धर्माजी टाकीवरून आले. आल्या आल्या सोपटाबाहेर एकही देठ डोकावत नाही हे त्यांनी हेरलं आणि माझ्याकडे पाहिलं. "हे कोंबडी सोलल्यागत कुनी केलं?"

"पुस्तक वाचून केलं," मी म्हणालो.

"मग पुस्तकालाच लावायचं व्हतं, खुंटाला कशापायी तरास?"

ते उकिडवे बसले. पहिल्या डब्याचं सोपट सोडलं. डोळा कोळशासारखा काळा. मधला सोडला, तोही काळा. धर्माजी काही बोलले नाहीत, म्हणजे परिस्थिती वाईट होती. तिसऱ्याला त्यांनी वेळ लावला. सोपट एकेक वेढा करून काढलं, वाकून पाहिलं, नखाने साल किंचित दाबली.

"हिरवा हाय," ते म्हणाले.

सुभद्राबाई खाली बसल्या. "नीट बघा."

"नीटच बघतुया. धरलाय. पर उलटा हाय, बाई. डोकं खाली."

"मग मरेल का?" मी विचारलं.

"मरायचा असता तर आतापातूर मेला असता. उलटा असला तरी ऊन कुठं हाय ते त्याला कळतंय. खाली निघंल, मग वळंल वर. जरा वाकडा दिसंल, तेवढंच. मानसं न्हाईत का तशी?" त्यांनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले आणि माझा चाकू मागितला. पण सुभद्राबाईंनी ओट्यावरचा पुढे केला. त्या चाकूने धर्माजींनी खुंटाचा वरचा भाग छाटला, जोर डोळ्याकडे जावा म्हणून. मग चाकू पुसून बाईंच्या हातात परत दिला. बाईंनी तो पदराखाली ठेवला. तो कुणी घ्यावा याबद्दल नंतर कुणी बोललं नाही.

निघताना मी डबा उचलून त्यांच्यापुढे केला. त्यांनी हात लावला नाही. "इथंच राहू द्या. मुळं हलवायची ही वेळ नाही. आणि माझ्या दारात पुन्हा चुना येईल." मग थांबून म्हणाल्या, "मी रोज बघायला येईन, चालेल ना?"

चालणार नाही असं कोण म्हणणार? इंद्रायणीने चहा टाकला. धर्माजींनी बशी आधी उलटी-सुलटी करून पाहिली, मग चहा ओतून घेतला.

फेब्रुवारीत कोंब निघाला. धर्माजी म्हणाले होते तसाच आधी जमिनीकडे गेला, बोटभर वाढला, मग आकड्यासारखा वळून वर आला. सुभद्राबाई रोज दुपारी भांडी आवरून येत. कधी बसत, कधी उभ्या उभ्या पाहून जात. आम्ही फारसं बोलत नसू. मला त्यांच्या वडिलांचं नावसुद्धा मार्चमध्ये कळलं. टाकीवरच्या लोकांनी आपापसात ठरवून बाईंच्या चार डब्यांत चार खुंट लावून दिले. त्या वेळी काडीला काडी कुणी विचारली नाही.

मला एक शंका शेवटपर्यंत होती. ती मी कुणाला सांगितली नाही. हा कोंब खरोखर त्या डोळ्याचाच का, की सालीजवळून खुंटानेच डोकं काढलं आहे? पानं सारखीच वाटत. फूल येईपर्यंत खात्री नव्हती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कळी उघडली. उन्हाचे दिवस, फूल लहान आलं, सुपारीपेक्षा थोडं मोठं. फिकट गुलाबी होतं, पण उन्हाने फिकटलेला कुठलाही गुलाब तसा दिसतो. मी वाकून वास घेतला. मला काही कळलं नाही, कारण छापखान्यात रोज तपकीर ओढून माझं नाक केव्हाच निकामी झालं होतं. मग मी इंद्रायणीला सुभद्राबाईंना बोलावून आणायला पाठवलं आणि ओट्यावर उभा राहिलो.

त्या आल्या. पीठ लागलेले हात त्यांनी पाठीमागे धरले, फुलाला न शिवता नुसत्या वाकल्या, आणि डोळे मिटून बराच वेळ तशाच राहिल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो.

"हाच," त्या म्हणाल्या.

मी तिथेच ओट्यावर बसलो. किती दिवसांनी पाय सैल सोडून बसलो होतो, ते मला आठवेना.