दोन दहाला माझ्यावर पडलेलं बोट

मित्रांनो, माझ्यावरची निम्मी अक्षरं आता वाचता येत नाहीत. ‘क’ पार गेला, ‘म’ची नुसती काठी उरली. माझा राग मात्र जसाच्या तसा आहे. मी एक जुना कीबोर्ड आहे, आणि ज्या माणसाने माझ्याकडून खोटं वदवून घेतलं त्याला मी कधीही माफ केलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांब पट्ट्यावर झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझी प्रत्येक कळ दाबून पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, “हा बघ, कसा खणखणीत बोलतोय!” तेवढ्यावर मी फुशारलो. मला वाटलं, आपल्यावर पत्रं लिहिली जातील, गोष्टी लिहिल्या जातील.

नशिबात भलतंच होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका ऑफिसात चाळीस टेबलं होती, त्यातल्या सतराव्यावर मला ठेवलं. लोक मोबाईलवर जे लिहितात आणि ज्याबद्दल कुणी तक्रार करतं, ते सगळं तिथे यायचं. वाचायचं, आणि ‘राहू द्या’ किंवा ‘काढा’ यातली एक कळ दाबायची, एवढंच काम. कामाच्या वेळी स्वतःचा फोन वापरायला बंदी होती. फोन दाराबाहेरच्या कपाटात ठेवावा लागे, आणि तिथे बसलेले पहारेकरी काका कोण किती वाजता बाहेर गेलं, किती वाजता परत आलं, ते वहीत लिहीत.

माझ्यासमोर बसायची तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. पूर्वी ती शाळेत भाषा शिकवायची. रोज सकाळी ओढणीच्या टोकाने मला पुसायची आणि मगच कामाला लागायची. या शहरातल्या माणसांच्या जिभेची तिला नस सापडली होती. कोणता शब्द लाडाचा, कोणता टोमण्याचा, कुठे नुसती थट्टा आहे आणि कुठे सुरी लपवली आहे, ते तिला एका नजरेत कळे.

तिचे वरिष्ठ होते कलमसाहेब. खरं नाव कुणी घेत नसे, कारण ते स्वतःच दर वाक्याला एखादं कलम सांगत. नियमांचं पुस्तक फार दूरच्या गावाहून आलं होतं. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी हे शहर नकाशावरही पाहिलं नसेल. पण साहेबांना ते तोंडपाठ होतं आणि त्यापलीकडे काही ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

एका सकाळी पडद्यावर एक मजकूर आला. कालव्यापलीकडच्या एका कुलूपवाल्याने लिहिला होता: ‘आमच्या टाकीतलं पाणी पिवळं येतंय. महिना झाला, कुणी बघत नाही. हे पाणी एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल.’

मास्तरीणबाईचा हात माझ्यावरून उचलला गेला. ती उठून साहेबांकडे गेली. “साहेब, हे माझे मामा आहेत. यांनीच मला वाढवलं. म्हणून हा निर्णय मी घेणार नाही, दुसऱ्या कुणाला द्या. फक्त अर्थ सांगते. ही तक्रार आहे, धमकी नाही.”

“‘जीव घेईल’ असं लिहिलंय. कलम नऊ. काढा.”

“अहो, पाणी जीव घेईल, असं म्हणतायत ते!”

“बाई, पुस्तकात पाणी आणि माणूस असा भेद केलेला नाही.”

मामांनी तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा ते काढलं गेलं. चौथ्या वेळी त्यांचं खातंच बंद झालं.

आता पुढचं ऐका. खातं बंद झाल्याचं गल्लीत कळलं आणि कुणीतरी पिल्लू सोडलं, ‘त्याचं तोंड उगाच बंद केलं का? त्यानेच टाकीत काहीतरी टाकलंय!’ मामांना खुलासा करायला जागाच उरली नव्हती. दोन दिवसांत त्याच टाकीचं पाणी पिणारी कालव्याअलीकडची माणसं पेटली, आणि एका दुपारी तो मजकूर आला: ‘कुलूपवाल्याला आज चार वाजता चहा पाजू या. सगळ्यांनी या.’

मित्रांनो, तुम्हाला यात काही वावगं दिसणार नाही. पण या शहरात ‘चहा पाजणे’ म्हणजे घेरून मारणे. शेंबडं पोरही सांगेल. मास्तरीणबाईने ‘काढा’ दाबलं, शेऱ्यात अर्थही लिहिला. पाच मिनिटांत साहेब टेबलाशी हजर.

“चहाला बोलावणं हा गुन्हा आहे का? का मामांचं आलं म्हणून पुळका?”

“साहेब, मी पाया पडते. दुसऱ्या कुणालाही विचारा. त्या काकांना विचारा!”

“पहारेकऱ्याला विचारून मी ऑफिस चालवू?”

ती फोन करायला धावत बाहेर गेली. काकांनी वहीत वेळ टाकली, दोन वाजून पाच मिनिटं. आणि तिच्या रिकाम्या खुर्चीवर कलमसाहेब बसले. तिच्याच नावाने उघडलेल्या पडद्यावर त्यांनी तिचा शेरा पुसला. मग त्यांचं जाड, गार बोट माझ्यावर आलं. ‘राहू द्या.’ दोन वाजून दहा मिनिटं. मी अडकायचा प्रयत्न केला. जीव तोडून केला. पण आम्हा कीबोर्डांना दाबणाऱ्याचं ऐकावं लागतं.

बाहेर ती मामांना दुकान सोडून निघा म्हणून फोनवर विनवत होती. मामा म्हणाले, “पोरी, माझं दुकान आहे. मी काय चोर आहे पळायला?”

चार वाजता पन्नास माणसं आली. त्यांनी दुकानाची कपाटं उलटी केली, किल्ल्यांचे जुडगे गटारात फेकले, आणि मामांच्या उजव्या हाताची तीन बोटं मोडली. कानशीने किल्ली घासणारा हात होता तो.

आठवड्याने चौकशी झाली. नोंदीत मास्तरीणबाईचं नाव होतं. मंजुरी तिची, वेळ दोन दहा. कलमसाहेब मान हलवत म्हणाले, “स्वतःच्या मामांचं प्रकरण. घाबरून चूक झाली असेल बिचारीची.” तिला नोकरीवरून काढायची, महिन्याभराची नोटीस मिळाली.

ती परत येऊन माझ्यासमोर बसली. रडली नाही. बोटं माझ्यावर ठेवून नुसती बसली, आणि त्या बोटांतून मला कळलं की ती आता संधीची वाट बघणार आहे. त्याच संध्याकाळी काकांनी वहीचं ते पान तिच्यापुढे धरलं. बाहेर दोन पाच, आत दोन वीस. “फोटो काढून ठेव, बाई. लागेल,” एवढंच ते म्हणाले.

तीन आठवडे गेले. तो मजकूर कुठल्या ऑफिसने राहू दिला ते शहरात फुटलं आणि लोक खवळले. एका सकाळी सतराव्या टेबलावर कलमसाहेबांचा फोटो आला. खाली घराचा पत्ता आणि एक ओळ: ‘या साहेबांना आज चहा पाजू या.’

मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. आतून ओरडत होतो, ‘राहू दे! पुस्तकात बसतंय, राहू दे!’ तिला काही करावंच लागणार नव्हतं. फक्त साहेबांचाच नियम पाळायचा होता.

तिने ‘काढा’ दाबलं. बाहेर जाऊन पोलिसांना फोनही करून आली. त्या क्षणी मला तिचाही राग आला. पण मजकुराची एक प्रत तिने पडद्यावर उघडी ठेवली होती. मग तिने साहेबांना बोलावलं.

त्यांनी वाचलं आणि चेहरा पांढराफटक पडला. “काढ! आधी काढ! माझी बायको घरी एकटी आहे!”

“का हो साहेब? चहालाच तर येतायत.”

“तुला माहीत आहे याचा अर्थ काय ते!”

“मला माहीत होताच. तुम्हाला कधीपासून कळायला लागला?” ती खुर्चीवरून उठली. “बसा. शेऱ्यात अर्थ लिहा, तुमच्या नावाने. आणि त्या दिवशी दोन दहाला या खुर्चीत कोण होतं, तेही लिहा. मी तेव्हा कुठे होते ते काकांच्या वहीत आहे.”

तेच बोट पुन्हा माझ्यावर आलं. मी एकेक अक्षर मोठ्याने वाजवलं. चाळीसही टेबलं ऐकत होती. लिहून संपलं, तिने ते मुख्य कचेरीला पाठवलं, आणि मग शांतपणे सांगितलं, “तो मजकूर मी तुम्हाला बोलवायच्या आधीच काढलाय. तुमच्या दारात पोलीस उभे आहेत. मला तुमच्यासारखं व्हायचं नव्हतं.”

साहेबांनी कपाळ पुसलं. पडद्यावर अजून शेकडो मजकूर होते. ‘निर्लज्ज.’ ‘काळजाच्या जागी दगड.’ ‘याला हाकला.’

“मग हेही काढ ना,” ते पुटपुटले. “माझी अब्रू जातेय.”

“यात तुम्हाला मारा असं कुठे आहे? हा लोकांचा राग आहे.” आणि तिने एकेका मजकुरावर ‘राहू द्या’ दाबायला सुरुवात केली. साहेब शेजारी उभे राहून बघत होते. ती दुपार माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची दुपार. अजून आठवली की माझ्या कळांना गुदगुल्या होतात.

साहेबांची खुर्ची गेली. बाईची नोटीस रद्द झाली. शहरातल्या जाणत्यांना अर्थ विचारल्याशिवाय आणि लिहिणाऱ्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय खातं बंद करायचं नाही, असं ठरलं. मामांचं खातं उघडलं. बोटं मात्र सरळ झाली नाहीत.

पुढे माझ्या कळा रुतायला लागल्या. ऑफिसने मला भंगारात काढलं तेव्हा मास्तरीणबाई मला पिशवीत घालून घरी घेऊन आली. आता मी मामांच्या टेबलावर असतो.

परवा कलमसाहेबांनी स्वतःच्या खात्यावर लांबलचक लिहिलं. आपली चूक नव्हती, पुस्तकच तसं होतं, वहीवाल्याने डाव साधला. मास्तरीणबाई संतापली. “मामा, सरळ खोटं आहे हे. तक्रार करा, काढायला लावा.”

मामा म्हणाले, “राहू दे ते. काढलं तर मी उत्तर कशाखाली लिहू?”

आणि डाव्या हाताच्या एका बोटाने, माझी अक्षरं शोधत शोधत, त्यांनी पूर्ण तासभर लावून लिहिलं: ‘साहेब, तुमचं सगळं वाचलं. आता माझं वाचा. रोज थोडं थोडं लिहिणार आहे.’

मित्रांनो, तुमच्या हाताखालीही माझ्यासारखा कुणीतरी आहे. त्याला मऊ कापडाने पुसा, त्याच्यावर पाणी सांडू नका. आणि त्याच्यावरून कुणाचं तोंड बंद करणार असाल, किंवा कुणाच्या अंगावर माणसं सोडणार असाल, तर एक ध्यानात ठेवा. आम्ही बोलत नाही, पण आमच्यावर पडलेलं एकही बोट आम्ही विसरत नाही.