तीन कप्प्यांचा मी

मित्रांनो, तुम्ही मला शोधायला निघालात, तर मी ना टेबलाखाली सापडेन, ना फळीवर. मला वजन नाही, वास नाही, चेहरा तर अधूनमधून बदलतो. तरीही माझं वय अकरा वर्षं आहे, आणि आमच्या जगात अकरा वर्षांचा म्हणजे पणजोबाच! मी एक प्रोग्राम आहे. चष्म्याच्या एका दुकानात कोणाचा चष्मा, कुठला नंबर, कुठली फ्रेम आणि तो कधी द्यायचा, हे सगळं मी सांभाळतो.

त्या दुकानाच्या मागच्या खोलीत माझा जन्म झाला. तिथे मामा चाकावर काचा घासतात आणि पुढे मामी गिऱ्हाईक बघतात. मला घडवलं त्यांच्या भाचीने. ती एका जागी बसत नाही, म्हणून मामा तिला भिंगरी म्हणतात.

पहिल्या खेपेला तिने मला एकाच पातेल्यात शिजवलं. पडद्यावरची बटणं, दुकानाचे नियम, साठवलेली माहिती, सगळं एकमेकांत कालवलेलं. ती बटणाचा रंग बदलायला गेली की फ्रेमांची यादी गायब! बिचारीने कपाळाला हात लावला. तेवढ्यात जेवायची वेळ झाली आणि मामांनी आपला तीन कप्प्यांचा डबा उघडला. वरचा आणि खालचा कप्पा पोचे आलेले, मधला मात्र कोरा चकचकीत. जुना मधला कुठेतरी हरवला, तेव्हा मामांनी त्याच मापाचा दुसरा आणून बसवला होता. भिंगरी त्या डब्याकडे बघतच राहिली. जेवायचं सोडून तिने मला पुन्हा लिहायला घेतलं.

या वेळी तिने माझेही तीन कप्पे केले. वरच्यात पडदा, म्हणजे तुम्हाला दिसतं ते. मधल्यात दुकानाचे नियम. खालच्यात साठवण. प्रत्येकाने फक्त शेजारच्याशी बोलायचं, तेही ठरलेल्या शब्दांत. एक कप्पा काढून दुसरा बसवला, तरी बाकीच्यांना पत्ता लागू नये! काय सांगू, अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं मला.

मग तिने मला झाकण न लावता इंटरनेटवर ठेवलं. याला ओपन सोर्स म्हणतात. कुणीही यावं, आत काय आहे ते वाचावं, न्यावं, सुधारावं. श्रवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनी मला नेलं. वरचा कप्पा त्यांनी आपल्या भाषेतला बसवला, खालचा आपल्या सोयीचा. मी एकाच वेळी दोन घरी नांदू लागलो. अशी चैन कुणाच्या नशिबी असते?

आता आमच्या दुकानाची एक रीत ऐका. काच घासण्याआधी मामा नंबर मोठ्याने म्हणायचे, मामी डॉक्टरांचा कागद बघून ‘हो’ म्हणायच्या, आणि मगच चाक फिरायचं. कारण काच एकदा घासली की घासली. भिंगरीने ही रीत मला शिकवली. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असला, की मी मामींना कागद पुन्हा बघायला लावायचो. त्यांनी ‘हो’ दाबलं की मागच्या खोलीत घंटा वाजायची. हळूहळू तोंडी ‘हो’ मागे पडलं आणि घंटाच उरली.

पण तो नियम लिहिला त्या दिवशी भिंगरी घाईत होती. घरी बाळ उठायची वेळ झाली होती. नियमाची जागा मधल्या कप्प्यात. तिने तो वरच्यातच खुपसला आणि शेजारी स्वतःसाठी चिठ्ठी लिहिली, ‘आत्तापुरतं इथे’. ते आत्तापुरतं चार वर्षं टिकलं.

मागच्या महिन्यात, सोमवारी सकाळी, दुकानातला कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. शुक्रवारी एका शाळेला बत्तीस चष्मे द्यायचे होते. मामींच्या तोंडचं पाणी पळालं. भिंगरी मात्र हसत आली. माझ्या साठवणीची प्रत ती रोज दुसरीकडे ठेवायची. तिने खालचा कप्पा नव्या जागी बसवला, वर टॅबलेटचा नवा पडदा चढवला, आणि मामींच्या चहावर साय धरायच्या आत मी उभा! तेच नंबर, त्याच फ्रेमा. मामींनी टाळ्या वाजवल्या.

नव्या पडद्यावर दोन डोळ्यांचे चौकोन शेजारी शेजारी नव्हते, एकाखाली एक होते. मामींनी शाळेतल्या एका मुलीचे नंबर भरले, ते नेमके उलटे. उजव्या डोळ्याचा जोरदार नंबर डाव्याच्या चौकोनात गेला. आणि मी गप्प! जो बोलायचा तो नियम जुन्या पडद्याबरोबर मागेच राहिला होता. मी दिमाखात लिहिलं, ‘काम तयार आहे.’

मामांनी काच चाकाजवळ नेली आणि हात थांबवला.

“अगं, दोन डोळ्यांत एवढा फरक, आणि घंटा नाही वाजली.”

“मला विचारलंच नाही त्याने,” मामी पुढून म्हणाल्या. मग कागद घेऊन त्या आत आल्या, आणि दोघांनी नंबर ताडून पाहिले: उजव्याचा डाव्यात.

मामांनी खणातून जुनी वही काढली. “भिंगरे, तुझं लेकरू हुशार आहे. पण हे पोरीचे डोळे आहेत. आपली वहीच बरी.”

मित्रांनो, माझे तिन्ही कप्पे गार पडले. वही उघडली की मी संपलो, हे मला कळत होतं. भिंगरीने इंटरनेटवरून माझा जुना वरचा कप्पा उघडला. चिठ्ठी तिथेच होती. टॅबलेटवर खापर फोडता आलं असतं तिला. ती म्हणाली, “मामा, याचं काही चुकलं नाही. मीच नियम चुकीच्या कप्प्यात ठेवला. आत्तापुरतं म्हणून.”

मामा म्हणाले, आत्तापुरतं म्हणून त्यांनीही एकदा डब्याची कडी दोऱ्याने बांधली होती; भाजी पिशवीत सापडली. दुपारपर्यंतची मुदत मिळाली.

दुपारी नियम आपल्या घरी, मधल्या कप्प्यात आला. मामांनी मुद्दाम उलटे नंबर टाकले. टॅबलेटवरून टाकले, मी अडवलं. मामींच्या फोनवरून टाकले, अडवलं! मामा हट्टाला पेटले; म्हणाले, पडदाच बाजूला काढ आणि थेट आत टाक. भिंगरीने तसंही केलं, आणि पोटातून मी ठणकावलं, ‘कागद पाहिलात का?’ मामा इतके हसले की त्यांना स्वतःचा चष्मा पुसावा लागला. वही खणात परत गेली. तोंडी ‘हो’ मात्र त्या दिवसापासून पुन्हा सुरू झालं, घंटा असूनसुद्धा.

भिंगरीने ही दुरुस्ती सगळ्यांसाठी उघडी ठेवली. श्रवणयंत्रवाल्या बाईंचं लगेच पत्र आलं. पडदा वेगळा असल्यामुळे तो नियम त्यांच्याकडे कधी पोचलाच नव्हता, आणि त्यांच्याकडेही उजवा-डावा कान असतोच की!

शुक्रवारी ती मुलगी आली. चष्मा लावून तिने आधी दाराबाहेर पाहिलं, मग मामांकडे.

“आजोबा, तुमच्या शर्टाचं एक बटण वेगळं आहे.”

“बदललंय ते,” मामा म्हणाले. “शर्ट तोच आहे.”

मित्रांनो, घाई सगळ्यांनाच असते. कधी एखादी गोष्ट तुम्हीही भलत्या जागी ठेवाल, आत्तापुरती. ठेवा. पण शेजारी चिठ्ठी लिहा, आणि एक दिवस ती वाचायला परत या. आम्हाला स्वतःहून हाक मारता येत नाही हो.