हंड्याची पट्टी

सौम्यानं बायकांची नावं बदलली होती. गावाचं बदललं, नवऱ्यांची बदलली, एकीच्या म्हशीचं नावसुद्धा बदललं. तिचे मार्गदर्शक, निपाणीचे श्रीपाल चौगुले सर, हसून म्हणाले होते, "म्हशीला कोण ओळखणार आहे, सौम्या?" पण ही पोर भलतीच काटेकोर. आणि एवढी काटेकोर पोर शेवटी चुकली कुठं, तर शेताच्या नावात! उचगावात शेतांना नावं असतात, माणसांसारखीच, आणि ती जन्मल्यापासून कानावर पडलेली असतात. तीही बदलायची असतात हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

जमिनीवरचा हक्क गमावलेल्या बायकांच्या कहाण्या, हा तिच्या प्रबंधाचा विषय. सहा वर्षं त्यात गेली होती. आज अकरा वाजता विद्यापीठात शेवटची तोंडी परीक्षा होती, तीही खुली. कुणीही यावं, बसावं, प्रश्न विचारावा. तिच्या भावानं, सूरजनं, हौसेनं गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निमंत्रण टाकलं होतं: उचगावची लेक डॉक्टर होणार!

ते वाचून नागोजी आला. पांढरी टोपी, हातात शाल-नारळाची पिशवी. मागच्या बाकावर बसला आणि लांबूनच तिला हात जोडले. सौम्यानं झटकन नजर कागदांत घातली.

कारण प्रबंधातली 'पार्वती' म्हणजे नागोजीची भावजय, अंबुबाई. चाळीस वर्षं तोंड शिवून बसलेली ही म्हातारी सौम्यापुढं एकदाच बोलली होती, आणि बोलून झाल्यावर तिनं सौम्याचा हात गच्च धरला होता. "माझं नाव येऊ दिऊ नको गं बाई. दिराच्याच भिंतीला भिंत लावून ऱ्हाते मी. कळलं तर जित्ती ठेवायचा न्हाय मला." सौम्यानं गळ्याची शपथ घेतली होती.

नाव कुठंच नाही, मग घाबरायचं कशाला, अशी तिनं मनाची समजूत घातली. सादरीकरण झकास झालं. मग बाहेरगावचे परीक्षक चष्मा सारखा करत म्हणाले, "पान एकशे त्रेचाळीस. पार्वतीबाईंचं निवेदन जरा वाचून दाखवा. फार जबरदस्त आहे."

सौम्या वाचू लागली. "'नवरा पहाटंला गेला. दीर कागूद घिऊन आला. मेलेल्याचा अंगठा शाईत बुडवला आन् कागदावर दाबला. मी दारात हुबी. आंघोळ घालताना ती शाई मीच धुतली.'"

पुढची ओळ दिसली आणि ती अडखळली. अगं बाई! शंभरदा वाचलेली ओळ, आणि दिसली ती आज! ती गाळून ती पुढं गेली.

"एक ओळ सुटली," परीक्षक म्हणाले. "कुठली जमीन, ते त्यातच आहे. वाचा."

तिला नाही म्हणता आलं असतं. चौगुले सरांनी सांभाळूनही घेतलं असतं. पण ती सहा वर्षं, नोकरी कायम व्हायची अट, पुढच्या बाकावर नवी साडी नेसून बसलेली आई, सगळं एकदम छातीवर येऊन बसलं. आणि तिनं वाचलं.

"'अशी माझी हंड्याची पट्टी गेली.'"

पंचक्रोशीत हंड्याची पट्टी एकच. कधीकाळी नांगराला पितळी हंडा लागला, म्हणून ते नाव. आज ती नागोजी कसतो. आईनं पदर तोंडाला लावला. नागोजी मात्र जागचा हलला नाही.

प्रश्नांची वेळ आली तसा तो उठला. "मी अडाणी माणूस. एक विचारू काय, बाई? ही पार्वती हयात हाय?"

घाबरलेल्या माणसाला खोटंही धड सुचत नाही.

"नाहीत," सौम्या म्हणाली. "गेल्या वर्षी वारल्या."

"वारली व्हय? बरं झालं सांगितलंसा." आणि तो खाली बसला.

अर्ध्या तासात निकाल आला. पदवीची शिफारस झाली. टाळ्या पडल्या, चौगुले सरांचे डोळे भरून आले. गर्दीतून वाट काढत नागोजी तिच्यापाशी आला आणि शाल-नारळ तिच्या हातात दिला.

"लई नाव काढलंस, पोरी." मग आवाज उतरवून म्हणाला, "भर सभेत सांगितलंस, वारली म्हणून. गावच्या लेकीचा शब्द खोटा पडून कसं चालंल?"

तो वळून चालू लागला. सौम्यानं अंबुबाईला फोन लावला. घंटी वाजत राहिली. परत लावला. शेजारी तिच्या विभागातला कानडी कारकून फॉर्मवर सहीची जागा दाखवत उभा होता. "मॅडम, इल्ली सही माड्री."

तिनं त्याला बाजूला ढकललं आणि दाराकडं धावली. दारात सूरज पेढे वाटत होता. सकाळपासून तो त्याच धांदलीत, आतलं त्यानं काहीच ऐकलेलं नव्हतं.

"सूरज, नागोजी आप्पा कुठं आहेत?"

"गेले की मघाशीच, मोटरसायकलवर," तो हसत म्हणाला. "अंबुमावशीला आपल्या हातानं पेढे भरवतो म्हणाले. मीच दिला पुडा."