पाळलेला वैरी

वैऱ्याला दर पंधरा दिवसांनी नेमाने जेवू घालणारी बाई कुणी पाहिली आहे? थोरली तीन वर्षं तेच करत होती.

तिची धाकटी बहीण पित्ताशयाच्या साध्या शस्त्रक्रियेला म्हणून रुग्णालयात गेली, जखमेत जंतू शिरला आणि अकराव्या दिवशी वारली. एकही औषध त्या जंतूला लागू पडलं नाही. थोरली प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. तपासणीला आलेला तो नमुना तिने ठेवून घेतला. "औषधं तपासायला असा चिवट जंतू लागतोच," असं तिने सरांना सांगितलं. खरं म्हणजे तिला उट्टं काढायचं होतं.

सरांचं संशोधन समुद्रातल्या शिंपल्यांवर. शिंपल्याच्या कवचावर राहणारे काही जीवाणू इतर जीवाणूंना मारणारं रसायन सोडतात. धक्क्यावरून बादलीभर शिंपले आले की थोरली ब्रशने कवचं घासायची, निघालेला बुळबुळीत थर काचेच्या बशीत वाढवायची आणि शेजारी वैऱ्याला सोडायची. काट्याने काटा काढायचा होता, पण चारशे बारा काटे बोथट निघाले. वैरी उबेच्या कपाटात मांसाच्या अर्कावर मस्त पोसला जात होता.

"काय म्हणतायत आमचे जावईबापू?" काही ठाऊक नसलेले सर विचारायचे.

"खातायत नि लोळतायत," म्हणून ती झाकण जरा जोरातच लावायची.

चारशे तेराव्या बशीत, एका नारिंगी ठिपक्याभोवती, काच लख्ख दिसली. तेवढ्या जागेत वैऱ्याचा मागमूस नव्हता. "मेलास," ती मोठ्याने म्हणाली. तिला आनंद झाला, आणि त्याची लाजही वाटली नाही. आठवडाभरात तिने तीनदा पडताळून पाहिलं. तिन्ही वेळा मेला.

मग वैऱ्याच्या सगळ्या नळ्या ट्रेमध्ये भरून ती जंतू मारायच्या वाफेच्या यंत्राकडे निघाली. सरांनी वाट अडवली.

"अहो, हे काय? आता तर हा लाखमोलाचा आहे. रसायन शुद्ध करताना दर टप्प्याला ह्याच्यावरच तपासायचंय. दहा वर्षं तरी."

"सर, हा माझ्या बहिणीच्या जखमेतला आहे."

सर स्टुलावर बसले. म्हणाले, "मला सांगायचंत तरी. दुसऱ्या कुणाकडे देतो हे काम. तुम्ही हात लावू नका."

दुसरं कुणी म्हणजे ज्याचं ह्याच्याशी काही वाकडं नाही असं माणूस. ते ह्याला निमूट वाढवणार, निमूट मारणार. ते तिला सोसवेना. शिवाय धाकटी अकरा दिवस तडफडली होती, आणि हा फक्त चारदा मेला होता.

"नको," ती म्हणाली. "दहा वर्षं म्हणालात ना? मग दर सोमवारी माझ्याच हातून मरू दे."

तिने एक नळी बाजूला काढली, बाकीच्या वाफेत ढकलल्या. ती नळी तिने जपून उबेच्या कपाटात ठेवली. सोमवारी मरायला तो धडधाकट असायला हवा होता.