मेंदूच्या पुस्तकातलं मेंढीचं पान

शाळेची घंटा झाली की शिवकन्याची मान आपोआप तिकडे वळायची. मग कोकरू कुणाच्या रानात शिरलं याचंही भान तिला राहत नसे. शिरूर कासार तालुक्यातल्या त्या वस्तीवरच्या साऱ्या पोरी सकाळी दप्तरं घेऊन निघायच्या आणि शिवकन्या कोकरं घेऊन.

कारण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. सहावीच्या वर्गात एकदा तिला फिट आली. हातपाय आखडले, डोळे फिरले, तोंडाला फेस आला. पोरं किंचाळली. कुणीतरी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली. दुसऱ्या दिवशी काही आया शाळेत आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या पोरींजवळ तिला बसवू नका." तिचा बाप बंकट मानी माणूस. त्यानं लेकीचं दप्तर उचललं आणि घरी खुंटीला अडकवलं. देवऋष्यानं सांगितलं, पोरीला बाहेरची बाधा आहे. झालं, दर अमावस्येला उतारा सुरू! फिट काही थांबली नाही, शाळा मात्र थांबली.

शाळेत नव्यानंच आलेल्या तेजश्रीबाई शनिवारी मुलांना लिंबाखाली बसवून गोष्टींची, विज्ञानाची पुस्तकं वाचून दाखवत. शिवकन्या कोकरं घेऊन मुद्दाम कुंपणाशी येई. लिंबाखालीही पोरं वर्गातल्याच क्रमानं बसत आणि तिची जुनी जागा अंजूच्या शेजारी होती. ती जागा अजून रिकामीच असे, आणि शिवकन्या तारेपलीकडून तिच्याकडेच बघत राही.

एका शनिवारी बाईंनी मुलांसाठी लिहिलेलं मेंदूचं पुस्तक काढलं. पानापानांवर रंगीत चित्रं होती. बाई वाचू लागल्या, "आपल्या मेंदूत अब्जावधी पेशी असतात. बारीकशा विजेनं त्या एकमेकींशी बोलतात. कधी कधी त्या एकदम बोलायला लागतात, नुसता गलका होतो आणि शरीराला कुणाचं ऐकावं तेच कळत नाही. यालाच फिट येणं म्हणतात. हा आजार आहे. तो शिवल्यानं दुसऱ्याला होत नाही. औषधानं बहुतेकांचा आटोक्यात येतो."

"बाई, त्ये परत वाचा की!"

साऱ्यांनी वळून पाहिलं. तार घट्ट धरून शिवकन्या उभी होती. अंजूनं मान खाली घातली.

बाई उठून कुंपणाशी गेल्या. पुस्तक पुढे करत म्हणाल्या, "घे, तूच वाच."

शिवकन्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले. "नगं बाई. म्या हात लावला तर मग बाकीच्या पोरी ह्ये पुस्तक घ्यायच्या न्हाईत."

बाईंनी पुस्तक मिटलं. त्याच संध्याकाळी पुस्तक घेऊन त्या बंकटच्या घरी गेल्या.

बंकट मेंढ्या वाड्यात कोंडत होता. त्यानं बाईंना बसायला घोंगडी टाकली, शिवकन्याच्या आईनं, छबुबाईनं, चहा ठेवला. पण विषय निघताच त्याचा आवाज चढला. "पुस्तकातलं पुस्तकात ठीक हाय बाई. आमच्या पोरीला बाहेरचं हाय. तुमी नका त्यात पडू."

"मी बोलत नाही. तुम्ही नुसती चित्रं बघा," बाई म्हणाल्या.

पुस्तकात एका पानावर निरनिराळ्या प्राण्यांचे मेंदू शेजारी शेजारी काढले होते. बंकटला अक्षर येत नव्हतं, पण त्या पानावर त्याचं बोट थबकलं.

"ह्ये तर मेंढीचं भेजं हाय!"

"बरोबर ओळखलंत. आणि त्याच्या शेजारचा माणसाचा."

"तसंच दिसतंय की. थोरलं हाय एवढंच."

चुलीपुढून छबुबाई उठली. इतके दिवस पोटात ठेवलेलं तिच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. "आवं, गेल्या साली आपली काळी मेंढी गरागरा फिरत व्हती, आठवतं का? तुमी तिला गाडीवर घालून जनावराच्या दवाखान्यात नेलंतं. डाक्टर म्हनला, मेंदूला सूज आलीया. सुया दिल्या, बरी झाली. मेंढीला तुमी उतारा न्हाई केला. मग माझ्याच लेकराला कावून?"

बंकट त्या पानाकडे पुन्हा बघू लागला. मेंढ्यांच्या बाबतीत सारी वस्ती त्याचा सल्ला घ्यायची. मेंढीचा आजार मेंदूत असतो हे त्याला ठाऊक होतं, मग लेकीला मेंदू नव्हता काय!

तेवढ्यात दाराआडून शिवकन्या बापाला म्हणाली, "दादा, मला सुद आली की दर खेपंला नाकाशी चप्पल असती. मला वाटतं, एकदा तरी आईचा हात असावा."

बंकटनं डोक्याचा पटका काढला आणि डोळ्यांना लावला. "चुकलं माझं, पोरी. मेंढीपायी सुचली ती अक्कल मला तुझ्यापायी सुचली न्हाई!"

सोमवारीच मायलेकींना घेऊन तो बीडला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेला. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी बजावलं, गोळी एकही दिवस चुकवायची नाही. खुंटीवरचं दप्तर बंकटनं स्वतः झटकलं आणि लेकीला शाळेत घेऊन गेला. वर्गाच्या दारात उभा राहून तो म्हणाला, "पोरांनो, हिला फिट आली तर भिऊ नका. कुशीवर निजवा, डोक्याखाली मऊ ठेवा, तोंडात काय बी घालू नका. पाच मिनटात थांबली न्हाई तर दवाखान्यात न्यायची. आन चप्पल कुणी काढायची न्हाई!"

शिवकन्या आपल्या जुन्या जागेवर बसली. अंजूनं आपलं दप्तर सरकवून जागा मोठी केली.

औषधानं फिट बरीच कमी झाली, पण लगेच बंद झाली नाही. दिवाळीनंतर एकदा वर्गातच आली. या वेळी कुणी किंचाळलं नाही. अंजूनं आपली ओढणी घडी करून तिच्या डोक्याखाली दिली, तिला कुशीवर वळवलं आणि शेजारीच बसून राहिली.

वाचकहो, आपल्याही गल्लीत, नात्यात अशी एखादी शिवकन्या असेल. हात, पाय, डोळे आजारी पडतात, तसाच मेंदूही पडतो. त्यात लाज कसली आणि बाधा कसली? तिला उतारा नको, औषध हवं. आणि औषधाइतकीच शेजारची जागा हवी. ती जागा देणं तर आपल्याच हातात आहे!

थोड्या वेळानं शिवकन्यानं डोळे उघडले. नाकाशी चप्पल नव्हती. तिच्या हातात अंजूचा हात होता. तिनं फळ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "अंजे, धडा कुठवर आला गं?"

"तिथंच हाय," अंजू म्हणाली. "तुझ्यासाठी थांबलोय आमी."