मध्यम निब, किंचित तिरपी

"हे पेन नाही, खिळा आहे," बाबा म्हणाले आणि नवं कोरं पेन त्यांनी टेबलावरून तिच्याकडे ढकललं. "भिंतीत ठोक."

आठवड्यातलं हे तिसरं. पहिलं जड म्हणून नापास झालं, दुसऱ्याचं टोपण आट्यांचं नव्हतं आणि हे चकाकत होतं. धाकटीने ते निमूटपणे पिशवीत टाकलं. निमूटपणे हे बघणाऱ्याला. आतून तिला ते खरोखरच कुठेतरी ठोकावंसं वाटत होतं, आणि भिंतीत नव्हे.

बाबा निवृत्त हेडमास्तर. बँकेने त्यांचा हयातीचा दाखला दोनदा परत पाठवला होता. सही जुळत नाही, गुरुवारपर्यंत जुळणारी सही द्या, नाहीतर अंगठा उमटवा. अंगठा! ज्या माणसाने तीस वर्षं वर्गातल्या ढ पोरांना 'अंगठेबहाद्दर' म्हणून बाकावर उभं केलं, त्याने आता निळ्या पॅडवर अंगठा दाबायचा. "त्यापेक्षा मी मेलो असं कळव त्यांना," ते म्हणाले होते.

दोष हाताचा नव्हताच मुळी. जुनं पेन धाकटीच्या हातून पडलं, निब वाकली आणि सही बिघडली, हे ते दिवसातून दोनदा तरी ऐकवत. पहिला दाखला परत आला तो पेन पडायच्या महिनाभर आधी, पण हे तोंडावर सांगायची तिची छाती नव्हती. तिला पेन शोधणं सोपं वाटलं.

आणि अटी तरी किती! पेन काळं हवं, हलकं हवं, शाई थेट पोटात भरायची, निब मध्यम, किंचित तिरपी. वर पाचशेच्या आत, ही अट मात्र धाकटीच्या पगाराची होती.

"ताई, पेन बघताय की जावई?" चौथ्या खेपेला दुकानदार वैतागला. मग खालच्या फळीवरून त्याने धुळीने माखलेला एक खोका काढून तिच्यापुढे आदळला. आत एकच पेन होतं. काळं, बिनचकाकीचं, हलकं, टोपण आट्यांचं. किंमत साडेतीनशे.

"निब सरळ आहे," ती म्हणाली.

"मग घासून घ्या. मला उद्योग आहेत."

घासायचं म्हटल्यावर तिला हुरूप आला. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने शाळेचे जुने दाखले काढले, त्यांवरची बाबांची सही भिंगाखाली धरली. रेघ कुठे जाड होते, कुठे बारीक, हे बघून निबचा कोन ठरवला. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत न जेवता तिने ती निब पॉलिशच्या कागदावर घासली.

बुधवारी संध्याकाळी बाबांनी पेन हातात तोललं, टोपण फिरवून पाहिलं. खुसपट काढायला काही सापडेना, तशा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तिकडे बघ," ते म्हणाले. गेलं वर्षभर लिहिताना ते कोणाला बघू देत नसत.

पाठीमागून खर्र आवाज आला, पुन्हा आला, आणि पेन टेबलावर आपटलं.

"तूच वाट लावलीस! जुनं पाडलंस, नवं घासून मारलंस. तुझ्या भावाला सांगितलं असतं तर..."

"भाऊ रविवारी फोन करतो, बाबा. निब घासत नाही."

ती वळली तेव्हा कागद समोरच होता, आणि तिची चूक तिला ढळढळीत दिसली. रेघा सांगत होत्या: पेन आडवं धरलेलं होतं, मनगट बाहेर वळलेलं, शाई निबच्या भलत्याच कडेने उतरलेली. तिने पंधरा वर्षांपूर्वीच्या हातासाठी पेन घासलं होतं. दुकानात एखाद्या पोरीने जुन्या नंबरवर चष्मा केला असता, तर हिनेच तिला बाहेर काढलं असतं.

"माझ्यासमोर लिहा."

"मी काय सर्कशीतलं माकड आहे?"

"मग उद्या अंगठा द्या."

बाबांचा हात वर गेला. थोबाडीतच द्यायची होती त्यांना. पण हात हवेत थरथरत राहिला आणि दोघांनीही तो पाहिला. मग तो खाली आला आणि त्याने पेन उचललं.

ते लिहीत होते. ती फक्त पेनाचा कल बघत होती, चेहऱ्याकडे बघायची तिला हिंमत झाली नाही. तिला त्यांचा भयंकर राग येत होता आणि रडूही येत होतं. मग तिने तिथेच पॉलिशचा कागद पसरून निब पुन्हा घासायला घेतली. बाबा डोक्यावर उभेच.

"हळू! निब आहे ती, करपलेलं भांडं नाही."

गुरुवारी बँकेत पेन कुठेही न अडखळता चाललं. सही मात्र वेगळीच उमटली. लहान, आडवी पडलेली, शेवटचा फराटा नसलेली.

"जुनीशी जुळत नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "पण लागोपाठ तीनदा सारखी आली, तर हीच नवी म्हणून नोंदवते."

तिन्ही सारख्या आल्या. मुलीने जुनं कार्ड काढून पुढे सरकवलं. "आता जुनी सही खोडा आणि शेजारी नवी करा."

कार्डावरची सही ऐटबाज होती, चौकटीत न मावणारी. बाबा त्या सहीकडे बघत बसले. मागे रांगेत कोणी तरी खाकरलं.

"आजोबा, लवकर करा ना," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

त्यांनी पेन धाकटीपुढे धरलं. "तू खोड."

तिने निब टेकवली. पेन खर्र करून अडलं, शाई उतरेना. तिने हात फिरवून पाहिला, तरी नुसता ओरखडाच उठला. त्या पेनाला आता तिचा हात चालत नव्हता.

"आण इकडे," बाबा खेकसले. "पेन धरायची अक्कल नाही."

आणि त्यांनी तिच्या हातून पेन ओढून घेऊन आपली सही आपल्या हाताने खोडली.